दाजींचं काळं खत

दाजी, तुम्ही गेल्यापासून डुकरांचं चुलाण माझ्या गळ्यात पडलंय. सकाळी उठायचं, कोंडा, अळूचे देठ, फणसाच्या आठळ्या असं सगळं त्या मोठ्या हंड्यात शिजवायचं, निवू द्यायचं आणि डोणीत ओतायचं. "मी मेलो तरी तुमच्या डुकरांना हात लावणार नाही," असं तुमच्या तोंडावर म्हणणारा मीच. मेलात तुम्ही, आणि हात मला लावावा लागला. परवा थोरल्या डुकरिणीनं मुसंडी मारली आणि मी सपशेल चिखलात बसलो. कुडाआडून अक्का बघत होती. तुम्ही गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा. तेवढ्यासाठी तरी पडलो ते बरं झालं असं म्हणायचं.

अक्का लग्न करून तुमच्या गावी खानापूरकडे नांदायला गेली आणि काही वर्षांत तुम्हालाच घेऊन माहेरी परत आली. अप्पा गेल्यावर जमीन आम्हा दोघा भावंडांत आली, वरचा तुकडा तिला, खालचा मला. कुंभारवाड्याच्या आमच्या वाडीत घरजावई म्हणजे आयता थट्टेचा विषय. आणि मी तुमचा मेव्हणा, त्यामुळे थट्टेचा पहिला मान माझा. "दाजी, सासुरवाडीचं जेवण मानवलं बघा," असं मी म्हणायचो. तुम्ही नांगराचा फाळ ठोकत शांतपणे म्हणायचात, "मारुती, पावन्याला ताट मिळतं. मला ह्यो नांगर मिळालाय. तुला पायजे तर अदलाबदल करू की." चार माणसांत माझं तोंड बंद करणारा माणूस वाडीत एकच होता.

मग तुम्ही डुकरं आणलीत. आपल्यात डुकरं पाळत नाहीत. रानडुक्कर पिकात शिरलं तर त्याच्यामागं रात्रंदिवस ओरडत धावणारी माणसं आम्ही, आणि तुम्ही पैसे मोडून पांढरी डुकरं टेम्पोतून उतरवून घेतलीत. पाहुणे महिनाभर घरी पाणी प्यायला येईनात. अक्काला वाटलं होतं, मी तरी तिची बाजू घेईन, आणि मी घेतलीही. तुम्ही दोघांचंही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, घाट उतरला की गोव्यात गिऱ्हाईक उभं आहे, भातावर वर्ष निघत नाही, आणि कोंडा, कंदांच्या साली, तांदळाचं धुवण हे सगळं आपण नाहीतरी फेकतोच. शेवटी अक्का म्हणाली, "पाळायची तर पाळा. पर घरामागं. आनि वास आला तर तुमीबी तिकडंच झोपायचं." आपण गोठ्यात जसा रानातला पाला अंथरतो तसा तुम्ही डुकरांखाली जाड पाला अंथरलात, भिजला की वर नवा, आणि वास आलाच नाही.

सुरुवातीची ती डुकरं आमच्यासारखीच होती, हळूहळू वाढणारी आणि सारखी भूक लागलेली. गोव्याचा व्यापारी यायचा, कंबरेवर हात ठेवून बघायचा आणि पुढच्या महिन्यात येतो म्हणून जायचा. त्यानंच मग तयार खाद्याची पोती सुचवली. आठवतंय ना? पंधरवड्यात डुकरांच्या अंगावर तकाकी आली. कातडी गुलाबी, पाठ रुंद, आणि आवाज असा की खाली माझ्या अंगणात ऐकू यावा. मी खूश होतो, खोटं कशाला बोलू? डुकरं तुमची असली तरी टेम्पो भरायला मीच असायचो. व्यापारी आता आधी फोन करून यायला लागला.

त्या पोत्यांबरोबर आणखी एक पद्धत आली. पिल्लं आईपासून लवकर तोडायची, म्हणजे डुकरीण लवकर पुन्हा गाभण राहते. पण कोवळ्या पिल्लांचं पोट बाहेरचं खाणं पेलत नाही, हगवण लागते. मग त्या हगवणीवर एक पांढरी पूड. पूड घातली की दोन दिवसांत पिल्लं उड्या मारायला लागायची. तुम्हाला ती जादूच वाटली. तुम्ही मला ती पूड तळहातावर घेऊन दाखवली होती, आणि अक्का म्हणाली होती, "भाकरीच्या पिठागत दिसतंय." आपण तिघंही हसलो होतो.

लेंडी मात्र बदलली. आधी तपकिरी होती ती काळी, हिरवट काळी पडायला लागली. त्याचंही आपल्याला कौतुकच. काळं म्हणजे कसदार, एवढं तर आमच्याकडे कुणालाही कळतं. वाडीतली माणसं पाट्या घेऊन तुमच्या दारात. गंगव्वा, जी तुमच्या डुकरांच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती, ती सगळ्यांच्या आधी. तुम्ही कुणाला नाही म्हणाला नाहीत. पण स्वतःसाठी वेगळं राखलंत. पाला आणि लेंडी थरावर थर रचून तो मोठा खड्डा भरलात, पावसाळाभर झाकलात, दोनदा उलथवलात. आमच्या वाडीची रीतच आहे, सगळ्यांत जुनं, सगळ्यांत मुरलेलं खत कंदांच्या वाफ्याला. भाताला ताजं चालेल, पण कणगी आणि कोन या कंदांना मुरलेलंच हवं. खड्डा उघडलात तेव्हा खत निम्म्यावर बसलं होतं. हातात घेतलं तर पावसानंतरच्या रानासारखा वास. तुम्ही मूठ माझ्या नाकाखाली धरून म्हणालात, "बघ. कुजलं की सगळं शुद्ध होतंय." मीही तेच मानत होतो. माझे अप्पा तेच मानत होते, त्यांचे अप्पाही.

ओळीनं दोन हंगाम ते खत वरच्या कंदांच्या वाफ्यात गेलं. दुसऱ्या वर्षी वेल पिवळे पडले. कणगी खणायला आपण दोघं बसलो होतो, तुम्ही कुदळ मारत होता, मी माती चाळत होतो. कंद बोटाएवढे. मी पावसाला शिव्या घालत होतो. तुम्ही मात्र कंदांकडे बघतच नव्हता. तुम्ही कुदळ बाजूला टाकलीत, हातानं माती उकरायला लागलात, मग दुसरीकडे जाऊन उकरलंत, मग तिसरीकडे.

"काय शोधालाय?" मी विचारलं.

"गांडूळ," तुम्ही म्हणालात. "एकबी न्हाई रे मारुती. एवढं खत घातलं, आनि एकबी गांडूळ न्हाई."

मी म्हणालो, खोल गेली असतील. तुम्ही उठलात आणि खाली माझ्या शेतात येऊन एक कुदळ मारलीत. माझ्याकडे वळवळत चार निघाली. तुमचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला अजून दिसतं. तुम्ही लगेच दोन्हीकडची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरायला घेतलीत.

तुम्ही त्या पिशव्या तपासून घ्यायला धारवाडच्या शेतकी विद्यापीठात जाऊन आलात. आमचा गुरांचा डॉक्टर खाद्याच्या पोत्याची चिठ्ठी वाचून समजावत बसला, ते सगळं तुम्ही परत आमच्या ओसरीवर समजावलंत. खाद्यात तांबं घालतात, डुक्कर भराभर वाढावं म्हणून. पांढऱ्या पुडीत जस्त असतं, हगवण थांबावी म्हणून. डुकराच्या अंगाला त्यातलं चिमूटभर लागतं, बाकी सगळं मागून बाहेर पडतं. त्याच्याबरोबर कधी कधी कॅडमियमसारखं खरंच विषारीही मिसळून येतं. आणि आमच्या या तांबड्या, पावसानं धुऊन धुऊन आंबट झालेल्या मातीत ते मुळांना लवकर सापडतं. वाफ्यात तांबं आणि जस्त चढलं होतं. माणूस मरेल एवढं नव्हतं, पण बाजूच्या जमिनीच्या मानानं फार. मी हट्टानं विचारलं, "पर दाजी, आपण तर ते पावसाळाभर कुजवलंय की!"

अक्का चुलीपाशी आमटी ढवळत होती. तुम्ही तिच्याकडे बोट केलंत. "आमटी आटवली तर पानी जातंय. मीठ जातंय काय?"

तेवढं एक वाक्य, दाजी. पाला कुजला, लेंडी कुजली, खत निम्म्यावर आलं, आणि धातू होता तेवढाच राहून घट्ट झाला. आणि आपल्याच रीतीप्रमाणे आपण तो सगळ्यांत घट्ट झालेला माल सगळ्यांत लाडक्या वाफ्याला घातला. दुसरीकडचा कुणी असता तर त्यानं ताजं खत पातळ पसरलं असतं आणि त्याचं नुकसान कमी झालं असतं. आपण नीट केलं म्हणून जास्त बिघडलं.

मग आपलं भांडण झालं, जे अजून मिटलेलं नाही. मी म्हणत होतो, गप्प राहा. खाद्य बंद करा, खत द्यायचं बंद करा, कारण विचारलं तर सांगा की आम्हालाच लागतं. घरजावई, त्यात डुकरं, आणि त्यावर स्वतःच्या तोंडानं सांगणार की मी तुमच्या शेतात धातू घातला? वाडी तुम्हाला दारात उभं करेल का? माझं म्हणणं मला आजही पूर्ण चुकीचं वाटत नाही, हे तुम्हाला सांगून ठेवतो. जग तुमच्यासारख्यांना वापरून घेतं आणि वर हसतं. तुम्ही म्हणालात, "माजं काय व्हायचं ते होईल. पर हिच्या माहेरच्या मान्सांनी उद्या ते खत कंदाला घातलं, तर मी तिच्या तोंडाकडं बघू कसं?" अक्का आत होती. तिनं ऐकलं होतं की नाही, मला माहीत नाही. नंतर कधी मी विचारलंही नाही.

शिमग्यानंतर आमची वाडी देवळाच्या अंगणात बसते, या वर्षी कुणी कुठल्या उतारावरचा पाला गोळा करायचा ते ठरवायला. त्या बैठकीत जावयानं बोलायची पद्धत नाही. तुम्ही उठून उभे राहिलात. मी मान खाली घातली, खोटं कशाला बोलू. तुम्ही सरळ सांगितलंत, माझ्या डुकरांच्या खतात तांबं आणि जस्त आहे, माझा वाफा बिघडला आहे, तुम्ही दोन वर्षं ते नेलंय, उरलं असेल तर शेतात घालू नका, विशेष करून कुजवून ठेवलेलं.

मग मागून एक जण म्हणाला, "तांब्याच्या भांड्यातलं पानी आपन रोज पितोय की. वैद्यबी सांगत्यात, चांगलं असतंय म्हनून. जमिनीत गेलं तर काय वाईट?"

"पानी पितोस," तुम्ही म्हणालात. "भांडं खात न्हाईस."

काही जण हसले. गंगव्वा हसली नाही. ती उभी राहिली आणि तिनं तुमची जी खरडपट्टी काढली ती अख्ख्या कुंभारवाड्यानं ऐकली. "फुकट दिलंस तवा बोलला न्हाईस. आता माजं शेत नासल्यावर सांगतोस? आता काय पेरू मी, तुजी डुकरं?" मी उठणार होतो. माझी जीभ तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवलंत आणि तिला म्हणालात, "गंगव्वा, तुजी माती मी स्वतः घेऊन जातो. नासली असंल तर ह्या वर्षी माजं भात तुजं." बायको तिथंच बसलेली असताना, सासुरवाडीच्या देवळात, माणूस असं बोलतो का? तुम्ही बोललात. त्या क्षणी मला रडू आलं होतं आणि मी शिंकल्याचं नाटक केलं.

त्यानंतरचा महिना तुम्ही दोघं शेताशेतांतून फिरत होता. प्रत्येक बांधावर तुम्ही कुदळ मारायचात, अक्का पिशवी धरायची. लोकांनी चेष्टा केली, आता जावईबापू आमची माती पण नेतात म्हणून. निकाल आले तेव्हा कळलं की इतरांनी ताजं आणि थोडं थोडं घातलं होतं, म्हणून त्यांच्या जमिनी बचावल्या होत्या. गंगव्वाची तर अगदी चोख निघाली. तुम्ही तो निकाल तिला सांगायला गेलात तर तिनं दार लावून घेतलं. तुम्ही दाराबाहेरून मोठ्यानं सांगून आलात.

आणि डुकरांचं काय केलंत, ते तर वाडीला आधी खुळेपणच वाटलं. पोती बंद. पुन्हा चुलाण पेटलं. डॉक्टरला विचारून डुकराला जेवढं लागतं तेवढंच चिमूटभर मीठ-खनिज. पांढरी पूड बंद करायची तर हगवणीचं काय? तुम्ही पिल्लं आईपाशीच ठेवलीत, जवळजवळ दुप्पट दिवस, अंगात ताकद येईपर्यंत. मादी उशिरा गाभण राहायला लागली, वर्षाकाठी पिल्लं कमी. व्यापारी चिडला आणि काही महिने आलाच नाही. पण पिल्लांना हगवण लागेना. तुम्ही मला ओढून नेऊन दाखवलंत, ती आईच्या पोटाशी रांगेनं लोळत होती, आणि तुम्ही म्हणालात, "आईला लवकर तोडलं म्हनून रोग, रोगाला पूड, पुडीनं माती गेली. मूळ कुठं हाय बघ." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, माझ्या अक्कानं नवरा बरा निवडलाय. तुमच्या तोंडावर कसं म्हणणार? मी म्हणालो, "दाजी, डुकरांची बाळंतपणं करायला तुमी शिकलाय बघा." तुम्ही हसलात, म्हणजे तुम्हाला कळलं असावं.

लेंडी पुन्हा तपकिरी झाली, ती तुम्ही पुन्हा तपासून घेतलीत, मगच द्यायला लागलात. पण त्या वाफ्याचं काय करायचं यावर आपलं एकमत कधी झालं नाही. मी म्हणत होतो, वरची माती खरवडून ओढ्याकाठी टाकू. तुम्ही म्हणालात, ओढा कुणाच्या शेतात जातो? तुझ्याच. मी म्हणालो, मग रानात टाकू. तुम्ही म्हणालात, रानाला आपण विचारलंय का? मी म्हणालो, बांबू लावा. तुम्ही म्हणालात, "आनि पावसाळ्यात भाजीला कोंब मोडायला कोन येनार? तूच की." शेवटी तुम्ही चुना आणि राख घालून मातीचा आंबटपणा मारलात, धूप होऊन ती खाली येऊ नये म्हणून वाळा लावलात, भोवती कूड घातलंत, आणि अक्काला बजावलंत की त्या वाळ्याची मुळी पाण्याच्या माठात टाकायची नाही. मला तो वाफा बघून राग यायचा. अप्पांचा सगळ्यांत चांगला वाफा, आणि त्यात खायचं काही नाही! मी दर वर्षी विचारायचो, आता लावू या का. तुम्ही दर वर्षी माती तपासून यायचात आणि नाही म्हणायचात. धातू कुठं जात नाही मारुती, तो तिथंच बसून आहे, असं तुम्ही शांतपणे सांगायचात, जणू म्हातारा पाहुणा कायमचा राहायला आलाय. मला अजून वाटतं, दोन-चार वेल लावले असते तर काही बिघडलं नसतं. पण आता नाही म्हणायला तुम्ही नाही, आणि माझा हात तिकडे वळत नाही.

तुमच्या दिवसकार्याला खानापूरहून तुमचे धाकटे भाऊ आले. बिचारे चांगल्या मनानं आंब्याचं कलम घेऊन आले होते. जेवणं झाल्यावर सगळे मागे गेलो तर त्यांना कुडाआतला तो रिकामा वाफा दिसला. "वैनी, ही जागा नामी हाय. दादाच्या नावानं इथंच लावू या. पोरंबाळं आंबे खातील, दादाची आठवण काढतील." पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी अक्काकडे पाहिलं. ती तुमच्या जाण्यापासून कुणाशी धड बोललेली नव्हती, मला वाटलं, आता ही हो म्हणून मोकळी होईल.

अक्का म्हणाली, "भावजी, कलम चांगलं हाय. पर तिथं न्हाई. त्यांच्या नावानं झाड लावायचं, आनि त्याच्या आंब्यातनं पोरांच्या पोटात काय जातंय ते कुनाला ठावं नसायचं, असलं काम त्यांनी कदी केलं न्हाई. ते गेले म्हनून आमी करनार न्हाई."

भावजी ओशाळले. कलमाची पिशवी हातात धरून उभे राहिले, ठेवायची कुठं कळेना. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून गंगव्वा पुढे आली. देवळातल्या त्या दिवसापासून तिनं तुमचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. भावजींच्या हातून तिनं पिशवीच काढून घेतली.

"माज्या बांधावर लावा," ती म्हणाली. "माजी माती चोख हाय. जावयानं सोता तपासून दिलीया."

खड्डा मी खणला. अक्कानं कलम धरलं, गंगव्वानं माती लोटली. दाजी, आमच्या वाडीत माणसाच्या नावाचं झाड त्याच्या घरचे त्याच्या जमिनीत लावतात, कारण दुसरा कुणी जागा देत नाही. तुमच्यासाठी मात्र गंगव्वानं कुणी न मागता जागा दिली. पाणी घालून झाल्यावर एका पाहुण्यानं मला विचारलं, गेलेले तुमचे कोण? मी एवढ्या मोठ्यानं सांगितलं की पलीकडच्या बांधावरचे लोक वळून बघायला लागले. माझे दाजी, म्हटलं. आमचे घरजावई.